आधी पाणी काढ, मग तेल तापव

आमच्याकडे बुधवारचं रात्रीचं जेवण आता माझ्याकडे आहे. म्हणजे मासे तळणं माझ्याकडे. भात, भाकरी, आमटी कोण ना कोण बघतं, पण तव्यासमोर मी. आईचे गुडघे गेलेत (दोन्ही, आणि ऑपरेशनला ती तयार नाही, तो विषय वेगळाच आहे), तासभर उभं राहून तळणं तिला आता होत नाही. बायको सोलापूरची, तिचा मटणाचा रस्सा असा असतो की आमचे मालवणी नातेवाईक नावं ठेवायच्या तयारीने येतात आणि मुकाट्याने दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात, पण मासा म्हटलं की ती म्हणते ते काटे आणि ते उडणारं तेल, दोन्ही मला झेपत नाही. मग उरलं कोण, मी. बुधवारी माझं वर्क फ्रॉम होम असतं, म्हणजे पळायला जागाही नाही.

मला वाटलेलं मसाला शिकायचा असतो. वही पेन घेऊन बसलेलो, आईच्या मसाल्याचं प्रमाण एकदाचं लिहून घेऊ म्हणून, कारण आमच्याकडे सगळ्या गोष्टींचं प्रमाण "अंदाजान" असतं आणि त्या अंदाजाची वाटी कुठल्याच दुकानात मिळत नाही. आईने डायनिंग टेबलची एक खुर्ची किचनच्या दारात ओढली, बसली, सुरमईच्या तुकड्यांच्या पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "आधी पाणी काढ त्याचा." ठाण्यात येऊन जन्म गेला तरी किचनमध्ये शिरली की आई मालवणीतच बोलते. मसाल्याचा विषय तिने काढलाच नाही. आता इतके दिवस तळल्यावर मला पटलंय की मसाला ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, मसाला डब्यात असतो, तो घालायचा. तळण्यात खरी मारामारी पाण्याशी असते.

थोडं विज्ञान सांगतो, कंटाळा आला तर पुढचा पॅरा वाचा. तळायचं तेल साधारण १७० ते १८० डिग्रीला असतं आणि पाण्याची वाफ होते १०० ला. मासा तेलात सोडला की जे बुडबुडे येतात ते तेल उकळल्याचे नसतात, माशातलं पाणी वाफ होऊन बाहेर पळत असतं त्याचे असतात. ही वाफ आतून बाहेर जोरात येत असते तोपर्यंत तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. म्हणून तेल नीट तापलेलं असलं तर मासा कमी तेलकट होतो आणि तेल कोमट असलं तर जास्त, जे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. आता तुकडी वरूनच ओली असेल तर काय होतं, तेलाची सगळी ताकद वरचं पाणी सुकवण्यात जाते, तेल थंड पडतं, रवा भिजून लगदा होतो आणि तव्याला चिकटून बसतो, आणि मग आपण उलथनं घालून खरवडायला लागतो. म्हणजे बाहेरून मासा ठणठणीत कोरडा हवा आणि आतून त्याचं स्वतःचं पाणी शाबूत हवं. एवढंच. बाकी सगळं या एका गोष्टीसाठी.

ते "एवढंच" करायला मात्र अर्धा पाऊण तास जातो. मासे धुवून चाळणीत निथळत ठेवायचे. मग मीठ, हळद आणि आगळ (कोकमाचा आंबट रस) लावून पंधरा वीस मिनिटं बाजूला. आगळ घरचं असो की विकतचं, त्यात मीठ असतंच, त्यामुळे वरून मीठ घालताना हात आखडता. मिठामुळे माशाला पाणी सुटतं, पातेल्यात तळाला गढूळ पिवळं पाणी जमतं, ते ओतून टाकायचं. बरेच लोक ते तसंच ठेवून त्यातच मसाला कालवतात, चव जाईल म्हणून, पण वासही त्याच पाण्यात असतो. मग प्रत्येक तुकडी कापडाने टिपायची. आई जुन्या सुती साडीचे तुकडे वापरायची, मी किचन टॉवेल वापरतो आणि त्यावर रोज एक टोमणा खातो. त्यानंतर वाटण: आलं, लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची, आणि मिक्सर फिरत नसेल तर पाण्याऐवजी चमचाभर आगळ, पण पाणी नाही म्हणजे नाही. वर मालवणी मसाला नाहीतर साधं लाल तिखट. हे घट्ट हवं, तुकडीला धरून राहिलं पाहिजे, ओघळता कामा नये.

बर्फातला मासा असेल तर हे सगळं दुप्पट. गोठताना माशात बर्फाचे खडे होतात आणि आतल्या पेशी फाटतात, त्यामुळे वितळताना भसाभस पाणी सुटतं. तो आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात काढून ठेवायचा आणि टिपत बसायचं. जून जुलैमध्ये दुसरा पर्याय कमीच असतो म्हणा, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून, मग मार्केटात एकतर बर्फातला माल नाहीतर खाडीतलं काहीबाही. त्यात लगेच श्रावण. आमच्याकडे आई श्रावण पाळते, आम्ही "पाळतो" असं म्हणतो.

मार्केटबद्दल दोन शब्द. कोळीण मावशी पहिला प्रश्न विचारते, "दादा, तळायला का कालवणाला?" या प्रश्नाचं उत्तर घरून ठरवून जायचं, कारण कापणी त्यावर ठरते. कालवणाला जाड तुकडे, डोकं, शेपटी सगळं घ्यायचं, त्याचाच अर्क उतरतो. तळायला सुरमई अर्ध्या इंचाची, त्याहून जाड नको, नाहीतर बाहेरून रवा करपतो आणि मधल्या काट्याजवळ मासा कच्चा गुलाबी राहतो. सुरमईचा तुकडा बोटाने दाबला तर खड्डा परत वर आला पाहिजे, अख्ख्या माशाचे कल्ले उचलून बघायचे, लाल हवेत, डोळे बाहेर आलेले चकचकीत हवेत, आत बसलेले दुधाळ डोळे म्हणजे पुढच्या टोपलीकडे चला. बोंबील पांढरट गुलाबी आणि चमकदार हवा, पिवळट झाक आली की नको. आणि हो, ते तळहाताएवढेसुद्धा नसलेले पापलेट स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नका. पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे, साडेतेरा सेंटिमीटरपेक्षा लहान पकडायला बंदी आहे, आणि तसंही त्या पिल्लात खायला असतं काय, दोन घास आणि काटे. मावशीला मी हे एकदा बोललो तर ती म्हणाली घेणारे घेतात म्हणून आणते, ज्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता बोंबील. माझ्या मते तळणाची खरी परीक्षा सुरमई नाही, सुरमई कोणालाही जमते, ती इतकी गरीब आहे की तिला नुसतं मीठ तिखट लावून तव्यावर टाकली तरी चांगली लागते. बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. हातात घेतला की निसटतो, आकार असा त्याला नाहीच. डोकं, शेपटी, पंख कापून टाकायचे, पोटाकडून उभा चिरायचा, पुस्तकासारखा उघडायचा आणि मधला काटा डोक्याकडून धरून हळूहळू ओढत सोडवायचा. काटा मऊ असतो, बरेच जण ठेवतात, पण आमच्या घरात मुलं आणि सोलापूर असल्याने काढावा लागतो. मग पोळपाटावर कापड, कापडावर मीठ लावलेले उघडे बोंबील एकमेकांवर न चढवता, त्यावर दुसरं कापड, त्यावर भाजी चिरायचा बोर्ड आणि त्यावर वजन. गावी पाट्याचा वरवंटा ठेवायचे. आमच्या फ्लॅटमध्ये पाणी भरलेला पाच लिटरचा कुकर ठेवतात. अर्ध्या तासाने कुकर उचलला की खालचं कापड पिळण्याइतकं ओलं झालेलं असतं, ओट्यावरून पाण्याची एक धार बेसिनकडे निघालेली असते, आणि बोंबील असा चपटा, जरा पारदर्शक, हातात धरता येण्याजोगा झालेला असतो. तेव्हा कळतं की हॉटेलात जो कडक बोंबील मिळतो तो कुठल्या गुप्त मसाल्याने कडक होत नाही. माझ्या लेकीला हा कुकर उचलायचा कार्यक्रम फार आवडतो, ती "किती निघालं" बघायला अभ्यास सोडून येते. अभ्यास सोडायला तिला तसंही कारण लागत नाही.

रवा की तांदळाचं पीठ यावर लोक भांडतात. मी दोन्ही घेतो, तीन भाग बारीक रवा, एक भाग तांदळाचं पीठ, त्यात चिमूट मीठ आणि थोडं तिखट, कारण वरचं आवरण अळणी राहिलं की आतला मसाला कितीही झणझणीत असो, पहिला घास फिका लागतो. रव्याने कुरकुरीतपणा येतो आणि पीठ रव्याच्या दाण्यांमधल्या फटी भरतं. मैदा किंवा कणीक नको, ते थोड्या वेळाने वातड होतं. बेसन तर अजिबात नको, बेसन लावलं की ती भजी झाली, भजी चांगलीच असतात पण ती पावसात चहाबरोबर खायची, भाताबरोबर नाही. आणि एक म्हणजे रवा आधीपासून लावून ताटात रांगा लावून ठेवायच्या नाहीत. रवा हळूहळू ओल ओढतो, फुगतो आणि तेलात पडला की सुटून निघतो. तुकडी रव्यात घोळवायची, झटकायची, लगेच तव्यावर. एका हाताने ओला मासा, दुसऱ्या हाताने कोरडा रवा, हे एकदा हाताला वळण लागलं की बोटांवर लाडू तयार होत नाहीत.

तवा बिडाचा. नॉनस्टिकवर होतं, नाही असं नाही, पण बिडाचा तवा जड असतो, तापायला वेळ घेतो आणि तापला की चार थंड तुकड्या टाकल्या तरी मान टाकत नाही. पातळ तव्यावर तुकडी टाकली की आवाजच बंद होतो, तिथेच समजायचं. तेल शेंगदाण्याचं, तुकडीच्या निम्म्या उंचीपर्यंत. तापलं का बघायला रव्याचे चार दाणे टाकायचे. खाली बसून राहिले तर थांबा, लगेच फसफसत वर आले तर टाका, काळे पडले तर गॅस बंद करून दोन मिनिटं देवाचं नाव घ्या. आईचं या टप्प्याला एकच वाक्य असतं, "तेल तापांदे आधी, कित्याक घाय करतस?"

आणि तुकडी टाकली की हात मागे. हे मला सगळ्यात जड गेलेलं शिक्षण, कारण उलथनं हातात असलं की माणसाला काहीतरी करावंसं वाटतंच, जरा सरकवू, जरा उचलून बघू, खालून झालीय का. "परतू नको, ऱ्हवांदे तसाच." खालचं आवरण पक्कं झालं की मासा स्वतःहून तवा सोडतो. तोपर्यंत तो धरून बसलेला असतो आणि तेव्हा उचलला तर रवा तव्यावर आणि मासा उलथन्यावर. सुरमईला मध्यम आचेवर एका बाजूला तीन चार मिनिटं, एकदाच परतायचं, दुसऱ्या बाजूला जरा कमी. पण मिनिटं मी आता मोजत नाही, त्याचं कारण सांगतो.

एका बुधवारी आई हॉलमध्ये सिरीयल बघत बसलेली. टीव्हीचा आवाज मोठा, कारण कानही आता जरा कमीच, निदान आम्ही हाका मारतो तेव्हा तरी कमी. मी आत, तव्यावर चार तुकड्या, चिमणी घों घों चालू. आणि बाहेरून तिचा आवाज, "आता परत." परतली तर बरोबर बदामी. दुसऱ्या घाण्याला पुन्हा तेच, टीव्हीवरची नजर न हलवता. मी जाऊन विचारलं तुला कसं कळतं, तर ती म्हणाली, "आवाज बदलता ना." परत तव्याजवळ येऊन कान देऊन ऐकलं. सुरुवातीला जोरात तडतड असते, मोठे मोठे बुडबुडे फुटत असतात, सगळं वर येऊन गोंधळ घालतं. दोनेक मिनिटांनी तो आवाज बारीक होतो, बुडबुडे लहान होतात आणि एकसारखी, सौम्य चरचर राहते. म्हणजे वरच्या थरातलं पाणी संपत आलं. ती हीच चरचर सिरीयलमधल्या सासूच्या बडबडीतून वेचून काढते! आणि चरचर पूर्ण थांबायची वाट बघायची नाही, तोपर्यंत आतलंही पाणी गेलेलं असतं आणि सुरमई खोबऱ्याच्या चोथ्यासारखी कोरडी लागते. यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ आहेत फिश फ्रायचे आणि बहुतेकांत या आवाजावर गाणं लावलेलं असतं, आता बोला.

तव्यावर गर्दी नको. घाई असते, सगळे बसलेले असतात, वाटतं अजून एक बसेल. पण जास्त मासे म्हणजे जास्त वाफ आणि थंड तेल, मग मासा तळला जात नाही, शिजतो. दोन घाण्यांच्या मध्ये तेलातला सुटलेला रवा झाऱ्याने काढून घ्यायचा, नाहीतर तो काळा होतो आणि पुढच्या सगळ्या तुकड्यांना कडवट ठिपके लागतात. बांगड्याला वेगळा तवा. बांगड्याला दोन्ही बाजूंनी तिरक्या चिरा देऊन त्यात मसाला दाबून भरायचा, तो स्वतःचंच तेल सोडतो आणि जबरदस्त होतो, स्वस्त आणि मस्त, पण त्याचं तेल त्याच्यापाशीच ठेवा, त्यात नंतर सुरमई तळली की सुरमईलाही बांगड्याचाच वास.

तळून झाल्यावर ठेवायचं कुठे हा भाग लोक विसरतात. इतकी मेहनत घेऊन पाणी काढायचं आणि मग डब्यात एकावर एक रचून वर झाकण लावायचं, म्हणजे तीच वाफ झाकणाला लागून खाली टपटप. टिश्यूवर ठेवला तरी खालची बाजू मऊ पडते. मी केक थंड करायची जाळी घेतली, खाली ताट, वर जाळी, मासे सुटे सुटे. आणि पेपरावर तर ठेवूच नका, लहानपणी आपण सगळ्यांनी पेपरातली भजी खाल्लीत हे खरं, पण छपाईची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते, अन्नसुरक्षावाल्यांनी २०१६ मध्येच त्याबद्दल इशारा दिलाय.

यातून आमच्या घरात एक मोठा वाद झाला. आईचा नियम आहे तव्यावरून ताटात. तिच्या काळात आम्ही सगळे ताटावर बसलेलो असायचो आणि ती आत उभी राहून एकेक गरम तुकडी आणून वाढायची, बाबा, मग आम्ही भावंडं, मग कोणी पाहुणा असेल तर तो, आणि सगळे हात धुवून उठले की ती बसायची, तोवर उरलेला भात थंड आणि वाट्याला शेपटीकडचा तुकडा. तेव्हा कोणाला काही वाटायचं नाही, मलाही नाही. आता तव्यासमोर मी उभा राहायला लागल्यावर बायकोने पहिल्याच आठवड्यात विचारलं की तू आमच्याबरोबर जेवणार आहेस की नाही, आणि मग घरात एकदम चर्चासत्र सुरू झालं, जे इतकी वर्षं आई तळत होती तेव्हा कधी झालं नव्हतं. हे मी आईसमोर बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "मगे? माका कोणी इचारलानीत?" आणि हसायला लागली. बायको हसली नाही.

तोडगा असा निघाला की सुरमई आणि बांगडा आधी तळून जाळीसकट ओटीजीमध्ये, म्हणजे छोट्या ओव्हनमध्ये ठेवायचे, १०० डिग्रीला, दार किंचित उघडं. वीसेक मिनिटं अगदी व्यवस्थित कुरकुरीत राहतात. पण बोंबील थांबत नाही, त्याच्या आत अजून पाणी आहेच, ते दहा मिनिटांत बाहेर येऊन सगळी मेहनत वाया घालवतं. म्हणून बोंबील सगळ्यात शेवटी. भात वाढून झाला, सोलकढी वाट्यांत आली की दोन तव्यांवर एकदम सगळे बोंबील, चार पाच मिनिटांचं काम, गॅस बंद, आणि मी पण टेबलावर. आईला ओटीजी पटलेलं नाही. "ओव्हनातलो मासो" असा उल्लेख ती फोनवर मावशीकडे करते. खाते मात्र.

सोलकढी सकाळीच आगळ, नारळाचं दूध, लसूण, मिरची, मीठ घालून फ्रीजमध्ये ठेवून देतो. भात उकड्या तांदळाचा, आमटी कालच्या डोक्या-शेपट्यांची असली तर उत्तम. त्यावर जास्त लिहीत नाही.

एअर फ्रायरबद्दल विचारणार तुम्ही, सगळेच विचारतात. आहे आमच्याकडे, भावाने दिवाळीला दिला. ती एक पंखा लावलेली छोटी भट्टी आहे, गरम हवा फिरते. चिकन विंग्ज झकास होतात कारण त्यांच्या कातडीखाली स्वतःची चरबी असते. रव्याचा मासा त्यात ठेवला की रवा पांढराच राहतो, वरून तेल फवारलं तर ठीकठाक होतो, पण मग ते भाजलेलं झालं. तब्येतीचा प्रश्न असेल तर जरूर करा, मी काही डॉक्टर नाही. मी मात्र बुधवारी एकदाच तळतो आणि तेल मोजकंच घेतो, त्यामुळे रात्री भरपूर उरायचा प्रश्न येत नाही.

तेल उरतंच थोडं, तर ते बाटलीत भरून पुढच्या बुधवारी वापरू असं करू नका. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर संयुगं (तेल खराब होताना तयार होणारे घटक) वाढत जातात, हॉटेलवाल्यांसाठी तर १ जुलै २०१८ पासून नियमच आहे की ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल फेकायचं. त्याच वर्षी वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करायची योजनाही सुरू झाली, पण ती मोठ्या प्रमाणात तेल वापरणाऱ्यांच्या कामाची, आपल्या अर्ध्या वाटीसाठी कोण येतंय. मी थंड झालं की जुन्या कागदाने टिपून कचऱ्यात टाकतो. बेसिनमध्ये ओतलंत तर पाईपात चिकटून साचत जातं आणि मग प्लंबर. आणि सांगायचं राहिलं, तव्यावरचं तेल कधी पेटलंच तर पाणी टाकायचं नाही, कधीच नाही, पाणी तेलाखाली जाऊन एकदम वाफ होतं आणि पेटतं तेल चारी बाजूंना उडवतं. गॅस बंद, वर झाकण, आणि झाकण गार होईपर्यंत उचलायचं नाही. माझ्या मुलाला मी हे आधी शिकवलं, उलथनं नंतर दिलं. तो आता मांदेली तळतो, छोटी मासळी, काट्यासकट कडक करायची आणि चिप्ससारखी खायची, त्याच्या वयाला बरोबर आहे. ताटात येईपर्यंत निम्मी संपलेली असतात.

आता सध्या घरात पेच आहे तो कोळंबीचा. आई म्हणते कोळंबीला रवा लावायचा नाही, नुसतं वाटण लावून मोठ्या आचेवर दोन मिनिटं, वळून इंग्रजी सी झाली की काढायची, जास्त ठेवली तर रबर. मुलं म्हणतात रवा पाहिजेच. बायको, जिला मासे झेपत नाहीत, तिचं म्हणणं की काटा नसलेला हा एकच प्रकार आहे तर तो निदान माझ्या पद्धतीने करा, शेंगदाण्याचा कूट आणि काळं तिखट लावून. कूट! कोळंबीला! आई ते ऐकून खुर्चीवरून जवळजवळ उठली होती, गुडघे असते तर उठलीच असती. येत्या बुधवारी तिन्ही प्रकार करायचे ठरलेत, पाऊण किलो कोळंबी सांगून ठेवलीय मावशीला, सोलून. तुमच्याकडे कोळंबीला रवा लावतात का, तेवढं खाली लिहा, आणि कूट लावत असाल तर प्लीज लिहू नका, बायको हा ब्लॉग वाचते.